ती भूमिका कुणी उचलली?

वारीच्या दिवसांत दिवे घाटातले ते फोटो तुम्हीही पाहिलेच असतील. कोरं उपरणं, कपाळी बुक्का, हात वर आणि खाली तेच वाक्य: रोजच्या भूमिकांखाली दबलेला खरा मी मला वारीत सापडला. पुण्याहून सासवडपर्यंतच्या एका दिवसात.

एक दिवस चालण्याला माझी हरकत नाही. पायाला फोड आले की माणूस थोडा नमतोच. चीड येते ती भूमिकांबद्दलच्या गाऱ्हाण्याची. बाप, नवरा, मुलगा, साहेब ही जणू कुणी यांच्यावर लादलेली सोंगं, आणि आतला 'मी' तेवढा निर्मळ! अहो, तुम्ही बापपण उतरवून ठेवलंत, त्या दिवशी पोराला शाळेतून कुणी आणलं? आईच्या गोळ्या कुणी दिल्या? उतरवलेली भूमिका हवेत विरत नाही, घरातलं दुसरं माणूस ती उचलतं. बहुतेकदा जिनं आधीच चार उचलल्यात, तीच. तिनं स्वतःला शोधायला कधी निघायचं? बरं, साहेबपण तरी घाटात सुटतं का? पाण्याची रिकामी बाटली रस्त्यात भिरकावली जाते. ती उचलणारं कुणीतरी असेलच, हा भरवसा म्हणजेच साहेबपण.



याउलट आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणारा शेतकरी निघण्याआधी पेरणी उरकायला धडपडतो, गुरं कुणाच्या तरी हवाली करतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या कितीतरी बायका सुनेवर घर सोपवून येतात, पण तिच्याशी बोलून, ठरवून. पाऊस लांबला तर वाटेतही त्यांचा जीव शेतात अडकलेला असतो. दिंडीत मात्र आडनाव, हुद्दा कुणी विचारत नाही. थोरला धाकट्याच्या पाया पडतो. मुक्कामी समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच वाजत राहतात. मग तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं जातं. इतक्या माणसांत स्वतःचा टाळ थांबवून दुसऱ्याचं ऐकणारा जो उरतो, तो मला खरा वाटतो. त्याला शोधायला कॅमेरा लागत नाही.

फोटोवाले पुढच्या वर्षीही जातीलच. जावोत. घरी जी मागे राहिली तिला आधी विचारा, तुझी वारी कधी? आणि निदान ती बाटली तरी पिशवीत घालून परत आणा.