सॉफ्टवेअरचं स्थळ

लग्नाळू मुलासाठी स्थळं बघावीत, तशी हल्ली सॉफ्टवेअरं बघतात. माझी भाची पुण्यात मोबाइलवरच्या पडद्यांची रचना करते. म्हणजे बटण कुठे असावं आणि ते दाबणाऱ्या बापड्याला वैताग येतो की नाही, हे पाहते. त्यासाठी लागणारी साधनं निवडायला तिच्या कचेरीत भलामोठा तक्ता केलाय. खर्च किती, बाकीच्यांशी जमवून घेईल का आणि मुख्य म्हणजे टिकेल का? (आमच्या लग्नात हिच्या वडिलांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.)

टिकण्याचा प्रश्न अगदीच पोकळ नव्हे म्हणा. इनव्हिजनचा एके काळी जोरात असलेला संसार २०२४ च्या अखेरीस आटोपला. फिग्माला तर सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅडोबीनं २० अब्ज डॉलरांची मागणी घातली. पण युरोप-ब्रिटनच्या सरकारी वडीलधाऱ्यांना सोयरीक पसंत पडेना. डिसेंबर २०२३ मध्ये ती मोडली आणि मोडल्याबद्दल अ‍ॅडोबीला १ अब्ज डॉलर मोजावे लागले. आमच्याकडे साडी-नारळ परत करून भागतं!

पण मला वाटतं, खरा प्रश्न त्या तक्त्यात नाहीच. यातली काही साधनं अशी आहेत की तुम्ही घरबसल्या पडद्यावर कुठे थबकलात, कुठे चिडून एकच बटण चारदा दाबलंत, ते सगळं टिपून घेतात. मग तिकडे कुणीतरी चहा पीत तुमचा सिनेमा बघतं. बारीक अक्षरात तुमची परवानगी घेतलेली असते म्हणे! दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावू नये, असं आम्हाला कान पिळून शिकवलं होतं. आता त्यालाच संशोधन म्हणतात. भाची म्हणते, ‘‘मामा, नावं झाकलेली असतात रे.’’ असतील. पण घर कुणाचं ते कळलं नाही, म्हणून डोकावणं सोज्वळ होतं का?

बरं, डोकावून दिसतं तरी काय? बटण चारदा दाबलं, एवढंच. म्हाताऱ्या बोटाला ते लागेना, की पैसे दोनदा गेले या भीतीनं घाम फुटला, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. आणि समोर बसणंच कठीण! समोरचा माणूस अडतो, ओशाळतो, ‘‘मलाच मेलं काही कळत नाही’’ म्हणतो आणि आपण मात्र जीभ आवरून बसायचं. अशी पाच माणसं पुरतात, असं जेकब नील्सननं २००० साली लिहून ठेवलंय. त्या पाचांची नजर चुकवायला आपण हजारोंची बोटं मोजत बसतो.

साधनाचं म्हणाल, तर १९९६ साली पाम पायलट बाजारात आला, त्याआधी त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडत असे. काही टिपायचं झालं की चारचौघांत ठोकळा काढून त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा. स्वतःचं हसं करून घ्यायची तयारी लागते, दुसरं काय!

गेल्या महिन्यात भाचीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पडदे आखले आणि आमच्या हिला समोर बसवलं. हिनं कागदावरचं ‘पुढे’ दाबलं. भाचीनं पान उलटलं. ‘‘आता?’’ हिनं विचारलं. भाची गप्प. बराच वेळ कागदाकडे बघून ही म्हणाली, ‘‘अगं, चुकून जास्त पैसे गेले तर ते परत मागायचे कुठून?’’

ते कुठेच नव्हतं. भाचीनं माझ्याकडे खोडरबर मागितलं.