पट्टा ताणण्याआधी

तळोदा,
श्रावण

चि. भाच्यास,

तुझं पत्र आणि सोबतचं चित्र मिळालं. तीनचाकीचं जुनं डिझेल इंजिन, खाली चाकांऐवजी रबरी पट्टे आणि मागे एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा. बर्फात चालणाऱ्या गाड्या बघून हे सुचलं म्हणतोस. पाड्यावरचं आजारी माणूस बांबूच्या झोळीत घालून चौघं खांद्यावर आणतात, हे तू धडगावात राहून दर पावसाळ्यात बघतोस. ते बघून तुला गप्प बसवत नाही, याचा मला अभिमान वाटतो.

इथे बर्फ कुठे, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. पट्ट्याचं काम शेतातूनच वाढलं आहे. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे ट्रॅक्टर रुतायचे, म्हणून बेंजामिन होल्टनं १९०४ साली मागची चाकं काढून साखळीवर लाकडी फळ्या ठोकल्या. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसनच्या शेतीच्या ट्रॅक्टरांवर. त्यांनाच पट्टे चढवले होते.

पण तुझ्या कामाचा माणूस वेगळाच आहे. कॅनडातल्या क्विबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा जोझेफ-आर्मां बाँबार्डिए. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं फोर्डचं इंजिन घसरगाडीवर बसवून मागे लाकडी पंखा लावला. गाडी बर्फावरून धावली, पण तो उघडा पंखा बघून बापानं ती मोडायला लावली. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटात आंत्रपुच्छ फुटून गेला. रस्ते बर्फानं बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही. माणसं नेणाऱ्या त्याच्या पट्ट्याच्या गाडीला पेटंट मिळालं ते १९३७ मध्ये. ही मधली तीन वर्षं मला फार मोठी वाटतात. घरात एवढं दुःख असताना त्यानं रबरी पट्टा आणि तो फिरवणारी गरारी पुन्हा पुन्हा करून बघितली. तुझ्या पत्रात मात्र दिवाळीपर्यंत पेशंट न्यायचं लिहिलं आहेस.

आता तुझ्या चित्राकडे येतो. पट्टा एक फूट रुंद आणि दीड मीटर जमिनीला टेकलेला. असे दोन म्हटले तर साधारण ९,००० चौरस सेंटीमीटर भरतात. गाडी, ड्रायव्हर, पेशंट मिळून ९०० किलो धर. म्हणजे चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम. साठ किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा तळव्याखाली चौरस सेंटीमीटरला याच्या तिप्पट भार पडतो. हिशोब चांगला आहे, पण तो कागदावरचा. तू प्रत्येक बाजूला दोनच रोलर दाखवलेस. मग सगळं वजन त्या दोन ठिकाणी येणार आणि मधला पट्टा नुसता लोंबणार. निदान पाच रोलर घाल, जवळजवळ.

दुसरं, बर्फ झटकला की पडतो, आपली काळी माती पडत नाही. मी एकदा केळीचे घड वावराबाहेर काढायला पट्ट्याची गाडी केली होती. पहिल्या दिवशी मस्त चालली, सगळा मळा बघायला आला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला होता. गरारीच्या दोन दातांमध्ये माती बसली, तिच्यावर आणखी बसली, दाबून विटेसारखी झाली. दात दिसेनात. गरारी जाड झाली तसा पट्टा ताणत गेला, करकर आवाज आला आणि जोडाचे बोल्ट एकामागून एक तुटले. एक बोल्ट माझ्या कानाजवळून गेला. चूक माझी होती, मी भरीव गरारी लावली होती आणि पट्टा सतारीच्या तारेसारखा ताणला होता. तू पिंजऱ्यासारखी गरारी कर, दोन चकत्यांमध्ये आडव्या सळ्या, म्हणजे माती आतून गळेल. पट्टा मधोमध हातानं उचलला तर दोन बोटं वर आला पाहिजे.

वळवायला एका बाजूचा ब्रेक दाबायचा हे बरोबर. पण ब्रेक गिअरबॉक्सजवळ ठेवू नकोस. चढावर चेन तुटली तर इंजिनाकडचा ब्रेक काही धरणार नाही, गाडी मागे सुटेल. ब्रेक गरारीच्याच शाफ्टवर हवा, दोन्हीकडे वेगळा. आणि उताराला गाडी कधी आडवी घालायची नाही.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी चारचाकी केली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण नियमात ती बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. तुझी गाडीही डांबरी रस्त्यावर आणू नकोस. पाड्यापासून रस्त्यापर्यंत तिचं काम, पुढे १०८ची रुग्णवाहिका.

पहिला पूर्ण पावसाळा तिच्यात माणूस बसवायचा नाही. वाळूची पोती आडवी टाक, पेशंटच्या वजनाएवढी, आणि रोज त्याच वाटेनं ने-आण कर. कुठे काय तुटलं ते वहीत लिही. एकाच पान्यानं, चिखलात बसून, रात्री बॅटरीच्या उजेडात जे दुरुस्त होत नाही ते गाडीत ठेवू नकोस. वाटेत गाडी अडली तर तो माणूस झोळीपेक्षा उशिरा पोचेल, आणि चौघांनी तुझ्या भरवशावर झोळी सोबत घेतलेली नसेल. म्हणून गाडीच्या बाजूला झोळी आणि बांबू बांधलेलाच ठेव.

साखर कारखान्यातला बगॅसचा जुना पट्टा मी भंगारातून घेऊन ठेवलाय, दोन फूट रुंद, पंधरा फूट लांब. मधोमध चिरला की दोन्ही बाजूंचं भागेल, पण चिरलेल्या कडेतून पाणी आतल्या कापडात शिरतं, तिथे रबराचं सोल्यूशन दोनदा लावावं लागेल. येताना ॲक्सलचं माप आण, टेपनं घेतलेलं. वीत-बोटांचं नको. वाटेतल्या चांदसैली घाटात दरडी पडताहेत म्हणे, तेव्हा दिवसाउजेडीच नीघ. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा मामा