दोन ठिपके

आमच्याकडे उसनवारीचे दोन प्रकार होते आणि ते कुणी शिकवावे लागत नसत. शेजारून वाटीभर पीठ आणलं तर वाटी तीच परत जायची, पीठ दुसरं. वर थोडी शीग लावून. कोयता आणला तर मात्र तोच कोयता परत. धार लावून दिला तर चांगलंच, पण त्याच्या बदली दुसरा कोयता चालत नसे. लग्नाला आणलेल्या पराती-पातेली त्यांच्यावर कोरलेली नावं वाचून घरोघर पोचवायचं काम आम्हा पोरांकडे असे.

या दोन्हींत न बसणारी एक वस्तू आमच्या पडवीत उभ्या असलेल्या गाडीत चाळीसेक वर्षं बसून होती, हे मला परवा कळलं. खोटं कशाला बोलू, माहीत होतं. परवा फक्त हातात आली.

आबांची अँबॅसिडर सेकंडहँड घेतलेली. वेल्हे, मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाटा अशी ती चालायची. कुणाला भोरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असलं की रात्री-अपरात्री हाक यायची. १९७८ सालच्या आषाढात अशीच एक बाई अडली होती आणि गाडी सुरू होईना. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. सकाळ सकाळ डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून चुलीजवळ शेकायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, मग गाडी चालू व्हायची, हे रोजचंच. पण त्या रात्री कॅपला तडा गेलेला आणि आतला बुश झिजून शाफ्ट डुलत होता. पॉइंटचा गॅप धरून राहीना, त्यामुळे नुसती कॅप बदलून भागण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या गावात तात्यांची अँबॅसिडर होती. आमच्या गाडीसारखीच, पण गिअरबॉक्स खोलून महिनाभर उभी. आबा सायकलवर भिजत गेले. तात्यांनी कंदील धरून आपल्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर काढून दिला. म्हणाले, ‘‘काम झालं की आणून दे.’’ बाई वेळेत पोचली. मुलगी झाली.

हा डिस्ट्रिब्युटर म्हणजे गाडीतला वाढपी. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये हजारोंनी वाढतात. त्यातली ठिणगी कुठल्या सिलिंडरच्या पानात कधी वाढायची हे तो ठरवतो. पंगतीतला वाढपी ओळीनं जातो, हा एक, तीन, चार, दोन असा. इंजिनाचे दोन फेरे तेव्हा याचा एक. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या. एवढ्या मुठीतल्या डब्यावाचून टनभर गाडी म्हणजे नुसता पत्रा. तात्यांची गाडी तशी झाली.

त्यांचा गिअरबॉक्स दिवाळीच्या सुमाराला दुरुस्त होऊन आला. तोवर आमचा धंदा जोरात होता. आबा म्हणायचे, पुण्याहून नवा आणतो आणि तात्यांचा देऊन टाकतो. ते खोटं बोलत नव्हते. दर आठवड्याला त्यांना तसंच वाटत होतं. तात्या दोनदा-तीनदा आमच्याकडे आले. मी तेव्हा दहा वर्षांचा. खाटेवर बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मागायला आले होते हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. पण दिलेली वस्तू तोंडानं मागणं हे आमच्याकडे देणाऱ्यालाच कमीपणाचं. त्यांच्या त्या संकोचावर आमची गाडी पुढची कित्येक वर्षं चालली. त्यांची भंगारात गेली. मग तात्या गेले, पुढं आबाही.

अँबॅसिडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. अशा गाड्या शोधत हौशी लोक गावोगाव फिरतात. पुण्याचा एक जण आमची बघून गेला. त्याचा एकच प्रश्न : ‘‘सगळं ओरिजिनल आहे ना?’’

म्हणून नसरापूरच्या मिस्त्रींकडून गाडी खोलून घेतली. डिस्ट्रिब्युटर उघडला. खालच्या वजनांच्या दोन स्प्रिंगा वेगवेगळ्या दिसल्या. एक बारीक, एक जाड. मला वाटलं, हा आबांचा जुगाड. मिस्त्री हसले. ‘‘आवो, ती तशीच आस्ती. आदी बारकी ताणायची, मंग जाड.’’ उगाच बापावर संशय घेतल्याचं जरा वाईट वाटलं. मग जुन्या पत्र्याच्या पेटीतून दुसरी बॉडी निघाली. दोन्हींवर लुकास-टीव्हीएसचं नाव, दोन्हींवरचे नंबर सारखे. आमची कुठली? मिस्त्रींनी गाडीतली बॉडी रॉकेलनं धुतली, तेव्हा क्लॅम्पच्या वर पंचनं मारलेले दोन ठिपके दिसले. भांड्यावर नाव घालतात तसे.

‘‘कानस मारू का? दोन हातांत जात्याल. कुनाला कळतंय?’’

गिऱ्हाइकाला कळलं नसतं हे खरंच. मी मनात दुसरीच कानस चालवत होतो. एवढ्या वर्षांत यात तात्यांचं राहिलंय काय? पॉइंट आम्ही दरसाल बदलले. कंडेन्सर किती गेले याचा हिशेब नाही. कॅप तीन तरी, रोटर तेवढेच. हल्लीचे डुप्लिकेट रोटर तर रिवेटमधून शाफ्टला ठिणगी देतात आणि रस्त्यात उभं करतात. बुश आमचा, वायरी आमच्या. तात्यांची उरली ती बॉडी, शाफ्ट आणि ती वजनं. आतलं सगळं पीठ, बाहेरचा तेवढा कोयता.

पण हा युक्तिवाद मला जितका सोपा जात होता तितकाच त्याचा संशय येत होता. आमच्या तालुक्याचं नाव वेल्हे जाऊन राजगड झालं, तरी एसटीत म्हातारी ‘एक वेल्हं’ म्हणते आणि तिला बरोबर तिकीट मिळतं. रोटर बदलला म्हणून वस्तू बदलली असं आम्ही त्या चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. घरात तिचं नाव कायम ‘तात्यांचा डिस्ट्रिब्युटर’ असंच होतं. ती परत करायची वेळ आली तेव्हाच मला तिचे भाग मोजावेसे वाटले. आणि समजा मोजले, वस्तू परत केली. तात्यांची गाडी जे दिवस उभी राहिली ते कुठल्या वाटीनं मोजून द्यायचे? त्याला शीग कशी लावतात?

आमच्या जुन्या बॉडीला भोरच्या लेथवर बुश बसवून घेतला आणि तीच गाडीत घातली. गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं. ‘‘चालू आहे ना?’’ एवढंच तो म्हणाला, आणि भावात थोडी घासाघीस केली. तात्यांच्या बॉडीत नवे पॉइंट घालून गॅप पंधरा थाउ लावला, नवी कॅप बसवली आणि ती कापडात गुंडाळून भोरला गेलो. तात्यांच्या मुलाचं तिथं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. माझ्याच वयाचा.

त्यानं कापड सोडलं. वस्तू फिरवून बघितली. बोट बरोबर ठिपक्यांवर थांबलं.

‘‘हे मी मारलेत,’’ तो म्हणाला. ‘‘तात्यांनी पंच धरला होता, हातोडी माझ्याकडं.’’

मी काहीतरी बोलायला लागलो. आबांचं, त्या पावसाचं. तो ऐकत होता का कळलं नाही.

‘‘तात्या तुमच्याकडनं आले की आई विचारायची, आणलं का? तात्या म्हणायचे, चहा झाला.’’

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यानं डिस्ट्रिब्युटर वजनकाट्याच्या बाजूला सरकवून ठेवला, भाताच्या खोडकिड्यावरचं औषध काढून दिलं, सुटे पैसे मोजले. मग पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडं बघत बसलो.