जहाजावर नेलेला द्राक्षारस

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला जहाज हा विषय वाटतो तितका परका नाही. एके काळी मुंबईची आगबोट बाणकोटाकडे येत असे आणि तेथून सावित्रीच्या खाडीने होडीतून दासगावपर्यंत पोहोचता येई. पुढे रस्ते झाले, आगबोटी गेल्या, खाडी ओस पडली. आता औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या बापांची मुले हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पुरा करून पुन्हा समुद्राची वाट धरू लागली आहेत, आणि त्यांच्यामागून कधी काळी आईवडीलही प्रवासी म्हणून जहाजावर चढतात. अशाच एका कुटुंबाने मला विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे. प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण नीतिशास्त्राचे किरकोळ प्रश्नच माणसाला अधिक उघडे पाडतात, असे माझे मत आहे.

प्रश्न असा. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलाने आईवडिलांना क्रूझची सहल ठरवून दिली. आईने घरी काळ्या द्राक्षांची वाईन घातलेली होती. तीच जहाजावर न्यावी आणि तिनेच टोस्ट करावा, अशी तिची हौस. मुलाने कळवले की कंपनीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक प्रौढ प्रवाशाला चढताना ७५० मिलिलीटरची एक बाटली बरोबर नेता येते. मात्र ती दुकानातील, सीलबंद असली पाहिजे, आणि जेवणाच्या दालनात उघडली तर तिच्यावर वेगळा आकार द्यावा लागतो. घरची वाईन चालणार नाही. यावर एका नातलगाने तोड सुचवली : कोकम सरबताच्या बाटलीत भरून न्या, रंगही जुळतो! ‘फादर, यात पाप आहे का?’ (घरी घातलेल्या वाईनचे कायद्यात स्थान काय, या उपप्रश्नात मी येथे शिरत नाही, नाताळच्या दिवसांत अनेक घरांत मलाही तिचा आग्रह होतो.)

प्रथम वाईनविषयी. आपल्या समाजात याबाबत दोन टोके आढळतात. एका टोकाला बारशापासून मैतापर्यंत बाटलीवाचून काही साजरे करता न येणारी माणसे आहेत. दुसऱ्या टोकाला, या व्यसनाने घरे बुडालेली पाहून ‘दारू म्हणजे सैतान’ असे म्हणणारी. दुसऱ्यांचे दुःख मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. तरीही ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे हे सांगणे भाग आहे. द्राक्षारस मानवाचे अंतःकरण आनंदित करतो, असे स्तोत्रकर्ता परमेश्वराच्या दानांची मोजणी करताना सांगतो. संत पौल तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. संत थॉमस अक्विनास तर एक पाऊल पुढे जातात : प्रकृतीला अपाय होईल इतक्या थराला जाऊन जाणूनबुजून द्राक्षारस वर्ज्य करणारा माणूसही निर्दोष म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. योग्य विरंगुळा हाही त्यांनी सद्गुणांत मोजला आहे. तेव्हा तीस वर्षे संसार केलेल्या जोडप्याने समुद्रावर एक पेला उंचावला तर त्यात कबुलीजबाबात सांगण्यासारखे काही नाही.

येथे एक गंमत आठवते. बायबलमधील पहिल्या जहाजावर वाईन असल्याचा उल्लेख नाही. नोहाने द्राक्षमळा लावला तो तारवातून उतरल्यावर, आणि पहिल्याच पिकाला त्याचा तोल सुटला. आमच्या गोव्याच्या बांधवांत जहाजावर चाकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. शब्द त्याच ‘तारू’चा. तारवटी तारवावर सावध असतो, घसरतो तो उतरल्यावर, हे त्याच्या घरच्यांनीही अनेकदा अनुभवले आहे.

आता बाटली लपवण्याविषयी. आमच्या पिढीला सेमिनरीत जे जुने नीतिशास्त्र वाचावे लागले, त्यात ‘केवळ दंडात्मक कायदा’ अशी एक उपपत्ती होती. तिचे मूळ मध्ययुगात. डॉमिनिकन संघाने आपल्या नियमावलीविषयी ठरवले होते की नियम मोडल्यास प्रायश्चित्त आहे, पाप नाही. पुढे सुआरेझसारख्या पंडितांनी हा विचार राज्याच्या कायद्यांना लावला. जकात चुकवली, राखीव जंगलातून मोळी आणली, तर पकडले गेल्यावर दंड भरावा; सदसद्विवेकाला बोचणी लावून घेण्याचे कारण नाही. परकी राजे आणि जाचक कर असलेल्या काळात गरिबांच्या मानेवरचे ओझे या विचाराने हलके केले, हे नाकारता येत नाही.

आमच्या भागात हे तत्त्वज्ञान न शिकताच सर्वांना येते. मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूरवरून कशेडी घाटाकडे जातो आणि ‘गोवा बनावटीची’ बाटली बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणणे हा अनेकांना गुन्हा वाटतच नाही. ‘सापडलो तर दंड भरू’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! ही सुआरेझची शिकवण आहे, फक्त लॅटिन गाळून. परंतु व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात, न्याय्य कर आणि समाजाचे देणे लबाडीने चुकवणाऱ्यांविषयी स्पष्ट नापसंती नोंदवली आहे. त्यानंतर त्या जुन्या उपपत्तीच्या आडोशाला उभे राहणे कठीण आहे.

जहाजाच्या बाबतीत तर तो आडोसा मुळातच नव्हता. क्रूझ कंपनीचा नियम हा राजाचा कायदा नव्हे, तो तिकिटाबरोबर आपण स्वीकारलेला करार आहे. करार म्हणजे दिलेला शब्द. ‘पण नियम नफ्यासाठी आहे, त्यांना त्यांची महागडी वाईन खपवायची आहे’, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ चित्रपटगृहात नेण्याचा असाच वाद आपल्याकडे झाला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाला अशी बंदी घालण्याचा हक्क आहे. मात्र पिण्याचे पाणी प्रेक्षकांना मोफत मिळालेच पाहिजे. मला या निकालात विवेक दिसतो. चैनीच्या वस्तूवर विकणाऱ्याने अट घालावी, जगण्याला लागणाऱ्या वस्तूवर घालू नये. वाईन ही चैन आहे. तिच्यावरची अट जाचक वाटली तर जहाजावर न जाण्याचे, किंवा गेल्यावर पाणी पिण्याचे स्वातंत्र्य आपल्यापाशी असतेच. तेव्हा त्या बाईंना मी सांगितले, नाशिकची एक सीलबंद बाटली न्या, तपासणीत ती समोर ठेवा, आकार मागितला तर द्या. घरची वाईन परत आल्यावर सर्वांना वाटा.

यापेक्षा कोकम सरबताच्या बाटलीचा दुसरा एक दोष मला अधिक गंभीर वाटतो. तपासणीत ती सापडली तर प्रवाशाची बाटली जप्त होईल, फार तर चारचौघांत नाचक्की होईल. पण ज्यांचा मुलगा त्याच कंपनीत कंत्राटावर नोकरीला आहे, त्यांनी पुढच्या कंत्राटाचा विचार करायला नको का? आपल्या चैनीची जोखीम कोणाच्या खांद्यावर पडते, हा प्रश्न नियमाच्या अक्षरापेक्षा मोठा आहे.

आमचे राज्य या बाबतीत चमत्कारिक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात नाव बदलून नांदतो आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. त्याच कायद्यात जहाज कंपन्यांना मद्य ठेवण्यासाठी परवान्याची तरतूद आहे आणि धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाचीही वेगळी तरतूद आहे. आल्तार आणि आगबोट, दोघांचीही आठवण त्या कायदेपंडितांना झाली! २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही क्रूझ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, २०२१ पासून मुंबईहून आणखी मोठ्या जहाजाच्या सहली निघू लागल्या, आणि मध्यमवर्गीय मराठी माणूस प्रथमच तरंगत्या हॉटेलात रात्र काढू लागला. किनारा दिसेनासा झाला की त्याची भीड चेपते. घरी सणासुदीला अर्धा पेला घेणारा माणूस जहाजावर सकाळी अकराला बारपाशी बसतो. ‘इथे कोण ओळखतो आपल्याला?’ किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर देशाची प्रादेशिक हद्द संपते. सदसद्विवेकाची हद्द कोठे संपते, याचा नकाशा मात्र कोणत्याही कप्तानापाशी नाही.

त्यात ‘पॅकेज’ नावाचा प्रकार. एकदा रक्कम भरली की दिवसभर हवे तेवढे प्या. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या पॅकेजात दिवसाला पंधरा पेयांची मर्यादा आहे. पंधरा ही मर्यादा! भरलेले पैसे वसूल करण्यासाठी तहान नसताना पिणे यात आनंद कोठे उरला? संत थॉमस यांच्या दृष्टीने मिताहाराचा सद्गुण आनंदाचा शत्रू नाही. वस्तूची चव माणसाला समजेल इतका तो जागा राहावा, यासाठी तो आहे. पैसे वसूल करणारा चव घेत नाही, हिशेब करतो.

परंतु माझ्या मनात घोळणारा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो करिंथच्या मंडळीपासूनचा आहे. तेथील ख्रिस्ती लोक प्रभुभोजनाला एकत्र येत, तेव्हा जो तो आपापले अन्न आणि आपापला द्राक्षारस घेऊन येई. सधन माणसे आधी बसून खात-पीत. दिवसभर राबून उशिरा येणारा गुलाम उपाशी राहत असे, आणि त्याच मेजावर कोणी धुंद झालेला असे. संत पौलाचा संताप तेथे उसळतो. खाण्यापिण्यासाठी तुम्हाला घरे नाहीत काय, ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो. त्याचा आक्षेप द्राक्षारसाला नाही. सर्वांच्या मेजावर स्वतःची बाटली स्वतःपुरती उघडण्याला आहे.

महाडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. सर्वांच्या तळ्यावर काहींनी प्यावे आणि काहींनी पिऊ नये, या अन्यायाविरुद्ध २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते येथेच. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेसाठी ते आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावला उतरून महाडला पायी आले. त्या बोटीवरच्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक ओंजळ पाणी होते. आपण सावित्रीकाठचे लोक जहाजावरच्या पेल्याविषयी बोलतो तेव्हा ही आठवण मनात असू द्यावी, एवढेच मला सुचवायचे आहे. दोन गोष्टींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही.

जहाजाच्या मेजावर कोण नसतो? वाईन ओतणारा नसतो. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये गोव्याच्या तारवट्यांच्या ट्रंका रांगेने ठेवलेल्या असत. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या जहाजांवर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या साहेबांचे पेले भरले आणि त्या पगारातून गावाकडची घरे आणि चॅपेले उभी राहिली. आज तेच काम आपली मुले करतात. आंतरराष्ट्रीय नियमांनी २०१० च्या सुधारणेत जहाजावर सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ टक्के ठरवून दिली आहे, आणि पुष्कळ कंपन्यांचे स्वतःचे नियम त्याहूनही कडक असतात. हे योग्यच आहे. आग लागली तर त्यांनीच आपल्याला होडीत बसवायचे आहे. मात्र आपण पेला संपवून मागे न पाहता उठून जातो, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुलाला नावाने हाक मारली का, त्याची टीप द्यायला विसरलो का, हे आठवून पाहावे. कानागावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण द्राक्षारसाने भरले. आजच्या मापाने पाचशे लिटरांच्या पुढेमागे. भोजनकारभाऱ्याने चव घेतली, नवऱ्याला शाबासकी दिली. पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. योहान आवर्जून लिहितो की ते पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते.

आणखी एक माणूस त्या मेजावर अवघडून बसलेला असतो : ज्याला पिणे परवडणारे नाही तो. पैशाने नव्हे, प्रकृतीने किंवा पूर्वीच्या व्यसनाने. ‘अरे, सुट्टीवर आलास, एक घे’ असा आग्रह करणाऱ्यांना मी सांगू इच्छितो की ख्रिस्तसभा प्रत्यक्ष वेदीवरही असा आग्रह करीत नाही. ज्या धर्मगुरूला मद्य वर्ज्य आहे त्याला बिशपांच्या अनुमतीने न आंबवलेला द्राक्षारस, म्हणजे मुस्टुम, वापरून मिस्सा अर्पण करता येते. भावाला अडखळण होत असेल तर द्राक्षारस न पिणेच बरे, असे पौलाने रोमकरांना लिहिले होते. सहलीच्या टोस्टला एका पेल्यात कोकम असले तर काय बिघडणार आहे? या वेळी ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे खरोखर कोकमच असावे!

ज्या जहाजांवर धर्मगुरू असतो तेथे प्रवाशांची मिस्सा सोयीच्या वेळी, प्रशस्त सभागृहात होते. कर्मचाऱ्यांची मात्र शेवटची पाळी संपल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, खालच्या मजल्यावरच्या भोजनगृहात होते. स्टूल बाजूला सारून मेजावर पांढरे कापड अंथरतात. बार बंद करून आलेली मुले गणवेशातच उभी असतात. बंदरात ‘स्टेला मारिस’चा धर्मगुरू जहाजावर येतो तेव्हाही असेच होते. त्याच्या बॅगेत मिस्सेचा साहित्यसंच असतो आणि त्यात द्राक्षारसाची एक लहान बाटली. दरवाजावर पहारेकऱ्याने विचारले की तो ती काढून दाखवतो.