तिसऱ्या घरातली आगगाडी

लहानपणी आवडलेली अद्भुतकथा पुन्हा उघडायला मन कचरते. तेव्हाची जादू आता टिकेल का, ही धास्ती. लुईस कॅरलचे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ मात्र बेलाशक उघडावे. शेजारी बुद्धिबळाचा पट तेवढा मांडलेला असावा.

ॲलिसच्या पहिल्या पुस्तकानंतर सहा वर्षांनी, १८७१च्या डिसेंबरात, हे पुस्तक आले. ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने आरंभीच एक डाव मांडून ठेवला आहे : पांढऱ्या प्याद्याने खेळायचे आणि अकरा खेळ्यांत जिंकायचे. मुले ते पान सरळ उलटतात. प्यादे म्हणजे अर्थात ॲलिस. ओढा ओलांडला की पुढचे घर. तिसरे घर ती आगगाडीने पार करते, कारण विलायती नियमाने प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे चालता येतात. आपल्या जुन्या देशी डावात प्यादे एकेकच घर सरकायचे. तिथे तिला गाडीत कुणी बसूच दिले नसते. (तिकीट तसेही तिच्याकडे नव्हतेच.) पांढरा सरदार घोड्यावरून पुढे, मागे आणि मधूनच आडवा कोसळतो. अडीच घरांची चाल आठवली की त्या आडव्या पडण्याला दुप्पट हसू येते.

पण खरी गंमत ॲलिसचे भाष्यकार मार्टिन गार्डनर यांनी हेरली. ॲलिस ज्या मोहऱ्याशी बोलते, ते त्या वेळी तिच्या लगतच्याच घरात असते. पलीकडे कोण कुणाला शह देतो आहे, याचा तिला पत्ता नाही. माणसे अचानक उगवतात, बोलता बोलता नाहीशी होतात. लहानपणी ज्याला आपण स्वप्नातला गोंधळ समजलो, तो प्याद्याला दिसणारा पट होता!

डाव तसा ढिसाळच. पांढऱ्या राजाला शह बसतो आणि त्याच्या बाजूचे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तांबड्या-पांढऱ्यांच्या पाळ्या नीट पाळल्या नाहीत, हे कॅरलने १८९६च्या प्रस्तावनेत कबूल केले. शह, मात नियमाला धरूनच आहेत, असे मात्र ठासून सांगितले. गणितातला माणूस तो, एवढे म्हणणारच.

मुलांना वाचून दाखवताना पट कपाटातच राहू द्यावा, असे मला वाटते. ‘मधेच आगगाडी कुठून आली?’ असे एखाद्याने विचारलेच, तर काढावा.