आईची भाषा कोणती?

२०११ च्या जनगणनेत मेहकरच्या आमच्या घरी प्रगणक आले. मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी मला न विचारताच 'उर्दू' लिहिले. नाव ऐकले आणि भाषा ठरली.

अम्मी आत तांदूळ निवडत होती. वावरात कापूस वेचताना ती शेजारणींशी वऱ्हाडी बोलायची, घरात दखनी वळणाची उर्दू. मला रागवायची ती मात्र दोन्हींतून, "काऊन रे पोट्ट्या, सुनता नै क्या?" मग माझी मातृभाषा कोणती?

जनगणनेची व्याख्या साधी आहे. लहानपणी आई मुलाशी बोलली ती मातृभाषा. त्यात धर्माचा उल्लेख नाही. या शब्दाचा उगमही तेच सांगतो. मध्ययुगीन युरोपात लॅटिन ही चर्चची आणि पंडितांची भाषा होती. घरात शिकलेल्या बोलीला लोक 'आईची भाषा' म्हणू लागले. नॉर्वेजियन भाषेतला 'मोर्समोल' हा शब्द त्याच कुळातला. मोर म्हणजे आई, मोल म्हणजे बोली. आपली मायबोली तशीच, आणि उर्दूची मादरी जबानही तशीच.

पण प्रश्न इथेच संपत नाही. घटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगते. मी 'मराठी' लिहिले तर उर्दू शाळेच्या मागणीतला एक आकडा कमी होतो. 'उर्दू' लिहिले तर 'हे मराठी नव्हेतच' म्हणणाऱ्यांना पुरावा मिळतो. कोणाशी इमान राखावे?

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूला आक्षेप घेण्यात आला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे बजावले. हा निवाडा दोन्ही बाजूंना लागू आहे. मुसलमान म्हणून कोणी माझी मराठी नाकारू नये, आणि मुसलमान म्हणूनच माझ्यावर उर्दू लादूही नये. कोकणातल्या मुस्लिम घरांत तर आई कोकणी बोलीतूनच लेकराला जोजवते.

मला वाटते, इमान आकड्याशी नको, अम्मीशी असावे. ती माझ्याशी अधिक बोलली उर्दूतून, म्हणून रकान्यात उर्दू, आणि येत असलेल्या इतर भाषांत पहिली मराठी. मात्र ते मी सांगायचे, माझ्या नावाने नव्हे. आणि हे सारे मी ज्या भाषेत लिहितो आहे, तिच्यावरचा माझा हक्क कुठल्याही रकान्याने ठरत नाही. 'काऊन' हा शब्दही मला अम्मीनेच दिला आहे.