तक्रारीच्या आधी मालक कुठे असतो?

भंवरीदेवी कामावर होत्या. लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्या कायद्याबद्दल बोलताना ही साधी गोष्ट हमखास निसटते. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या ‘साथिन’ होत्या आणि भटेरी गावातले बालविवाह रोखायचं काम सरकारनेच त्यांच्या गळ्यात घातलं होतं. त्यांनी ते चोख केलं, गावातल्या वरचढांचा रोष ओढवून घेतला आणि सप्टेंबर 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं केलं. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या मात्र नोकरी करणाऱ्या बाईच्या मूलभूत हक्कांचा प्रश्न घेऊन. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता: ज्याने हिला त्या कामावर धाडलं, तो तिचं काही देणं लागतो की नाही?

13 ऑगस्ट 1997 च्या निकालात न्यायालयाने, लागतो, असंच सांगितलं. कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा व्हायला पुढे जवळपास सोळा वर्षं गेली. दरम्यान पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून न्यायालयाने ती तत्त्वं कुठे कुठे पाळली जात नाहीत याची झाडाझडती घेतली. त्या प्रकरणाचा निकाल 2012 मधला. कायदा लागू झाला 9 डिसेंबर 2013 रोजी.

आज कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्याच्या मालकाला विचारा, या कायद्याने तुमच्यावर काय जबाबदारी टाकली? उत्तर ठरलेलं: ‘विशाखा समिती केलीय आमच्याकडे.’ दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक शाखेत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. हे कलम 4. नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हणून कॅन्टीनच्या दाराशी फलक लागतो. त्यावरच्या पाच नावांतली दोन माणसं नोकरी सोडून गेलेली असतात, तिसरीला आपलं नाव तिथे आहे हे ठाऊक नसतं. वर्षातून एकदा एचआर सगळ्यांना सभागृहात बसवून तासाभराची चित्रफीत दाखवतं, हजेरीच्या कागदावर सह्या होतात आणि वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ असं अभिमानाने छापलं जातं. शून्य तक्रारी म्हणजे शून्य छळ, हे गणित कुणी मांडलं कोण जाणे.

माझं म्हणणं असं की, मालकासाठी या कायद्यातलं पहिलं कलम 4 नव्हे, 19 आहे. समिती कामाला लागते ती घडून गेल्यावर. कलम 19 मालकाला आधीच गाठतं. कामाची जागा सुरक्षित ठेवणं हे त्याचं कर्तव्य, आणि त्यात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर माणसांपासूनची सुरक्षितताही आली, असं ते स्पष्ट म्हणतं. म्हणजे गिऱ्हाईक, पुरवठादार, ट्रकचालक, रुग्णाचे नातेवाईक. भंवरीदेवींवर हल्ला करणारे त्यांचे सहकारी नव्हते, वरिष्ठ नव्हते, गावकरी होते. या कायद्याच्या मुळाशी असलेल्या घटनेला थेट भिडणारं कलम कुठलं असेल तर ते हे, आणि प्रशिक्षणाच्या त्या तासाभरात त्याच्या वाट्याला एखादी स्लाइड येते. वसुलीला एकटीच जाणारी मुलगी, रात्री घरोघरी जाणारी परिचारिका, हॉटेलच्या काउंटरवर पेताड गिऱ्हाइकाला हसून बोलायला लावलेली रिसेप्शनिस्ट यांच्यासाठी मालकाने काय केलं, हे समितीच्या फलकावरून कळत नाही. तिथे माणूस जोडीला द्यावा लागतो, फेरी बदलावी लागते, गाडी पाठवावी लागते. प्रसंगी चांगलं गिऱ्हाईक सोडावं लागतं. थोडक्यात, पैसे लागतात.

समितीचंही तसंच. मालकच ती नेमतो आणि शिफारशीही त्याच्याच टेबलावर येतात. साठ दिवसांत अंमल त्यानेच करायचा. बाहेरचा सदस्य हा त्यातला खरा अंकुश. त्याला नियमांनी दिवसाला दोनशे रुपये भत्ता ठरवला आहे, शिवाय प्रवासखर्च. दोनशे रुपयांत माणूस मिळतो तो एक तर अत्यंत निष्ठावान किंवा मालकाच्या ओळखीतला. चौकशीत वकील आणता येत नाही, हे तक्रारदाराच्या दृष्टीने बरंच आहे. पण मग साक्ष कशी नोंदवायची, प्रतिवादीला कागद कधी द्यायचे, हे समितीला यायला नको का? गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात काय झालं पाहा. विद्यार्थिनींच्या तक्रारी 2009 मधल्या. समितीने चौकशी इतक्या घाईने उरकली की 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित प्राध्यापकाची बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवलं. चौदा वर्षं! आरोप खरे असोत वा खोटे, दोन्ही बाजूंची आयुष्यं त्यात अडकून पडली. समितीला शिकवण्यावर जो खर्च टाळला जातो, त्याची किंमत अशी वसूल होते.

मालकांच्या बैठकांत प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात वर होतो तो कलम 14 साठी. खोटी तक्रार केली तर? जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. यापलीकडे त्यावर वेळ घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. कलम 19 साठी हात वर झालेला मात्र मी अजून पाहिलेला नाही.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकामाच्या बायकाही तिच्याच कक्षेत येतात. ती समिती कुठे बसते, हे त्यांच्यापैकी कितीजणींना सांगता येईल?

आणि मग ऊसतोड. बीडहून निघालेला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून घेतलेली, राहणं फडाजवळच्या कोपीत, आंघोळ उघड्यावर, आणि गाडी भरायला येईल तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजेनात, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. इथे मालक कोण? कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला. कायद्याने मात्र ही पळवाट ठेवलेली नाही. कंत्राटदारामार्फत कामावर आलेली बाईही त्याच्या व्याख्येत ‘कर्मचारी’ आहे, मूळ मालकाला तिचं नावगाव ठाऊक नसलं तरी. व्याख्येचा हा धागा कलम 19 ला जोडा, म्हणजे गाळप सुरू होण्याआधी साखर कारखान्याने कोपीवर दिवा, आडोशाचं न्हाणीघर, रात्रीच्या भरणीच्या वेळी जबाबदार माणूस आणि तक्रार कुठे करायची याची मुकादमाला वगळून दिलेली माहिती, एवढं तरी पुरवायला हवं. कारखान्याच्या संचालक मंडळापुढे हा विषय येतो तो समितीच्या अहवालाच्या मंजुरीपुरता. हंगामाच्या अंदाजपत्रकात तो घालावा, असं एखाद्या सभासदाने पुढच्या वार्षिक सभेत उभं राहून मागितलं तर त्याला नाही म्हणायला कायद्यात तरी आधार सापडणार नाही.